दहा ते पाच

मार्च २०२०मध्ये काय काय बंद झालं असं विचारलं की ठाण्या-डोंबिवलीची माणसं पटापट सांगतात: लोकल, शाळा, देवळं, गडकरी रंगायतन, फुले नाट्यगृह, कल्याणचं अत्रे रंगमंदिर. 'आजोबांचं केंद्र बंद झालं' असं पहिल्या दमात कुणी म्हणत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस तिथं रोज जात होतं तेवढेच म्हणतात, आणि त्यातले बरेचसे 'दादाची शाळा' म्हणतात. दादाची चाळिशी जवळ आलेली असते, डोक्यावरचे केस विरळ झालेले असतात, तरी ती शाळाच.

महापालिकेचं विरंगुळा केंद्र म्हणजे वर्तमानपत्रं, कॅरम, पत्ते, अधूनमधून रक्तदाब तपासणी. स्वतःच्या पायांनी चालत येणाऱ्यांची ती जागा. त्याच्या पुढची पायरी स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या केंद्रांची, आणि ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठी पुनर्वसनाचे वर्ग आहेत. आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांच्या कार्यशाळा आहेत. अठरा वर्षं पूर्ण झाली की विशेष शाळा निरोपसमारंभ करून मोकळी होते. पुढं काय, या प्रश्नाला पालकांनी एकत्र येऊन शोधलेलं उत्तर म्हणजे या कार्यशाळा. कागदी पिशव्या, उदबत्त्यांची पुडकी, पणत्या, उटणं. येणारी माणसं वेगवेगळी, पण घड्याळ जवळपास एकच, दहा ते पाच. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'विकास' या दिवसाच्या संगोपनाच्या योजनेतही अट हीच होती: सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात किमान सहा तास.

या सहा तासांचे लाभार्थी दोन. एक केंद्रात येतो, दुसरा घरी असतो. घरातली बहुतेकदा बाईच असते: सून, लेक, बायको, आई. त्या सहा तासांत ती बँकेत जाते, स्वतःचा दात काढून घेते, शिकवण्या घेते, नाहीतर पंखा लावून दोन तास झोपते. केंद्राच्या माहितीपत्रकात तिचा उल्लेख नसतो. कोरोनाकाळात दिवसाच्या सेवांनी स्वतःला कसं बदललं याच्या गोष्टी सांगताना लोक झूमवरची भजनं आणि व्हॉट्सअॅपवरचे व्यायाम सांगतात. ते सगळं झालं आणि पुष्कळ मनापासून झालं. पण माझा मोजण्याचा गज वेगळा आहे. गेलेल्या सहा तासांपैकी किती तास घरातल्या त्या बाईला परत मिळाले?

आपल्या पट्ट्यात हे तास आधीच अपुरे होते. डोंबिवलीहून सीएसएमटीला कामाला जाणारी बाई सकाळी आठच्या आत घर सोडते आणि रात्री आठनंतर घरात पाऊल टाकते. दहा ते पाचचं केंद्र तिच्या दिवसात बसतच नाही. आधीचे दोन तास आणि नंतरचे तीन तास तिला दुसरं कुणीतरी शोधावं लागतं. ते दुसरं कुणीतरी म्हणजे सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोची मावशी. बारा तासांची मावशी टिटवाळ्याहून, बदलापूरहून, आसनगावहून लोकलनं येते. थोडक्यात, कामाला जाणारी लोकलवर, सांभाळायला येणारी लोकलवर, आणि मधे केंद्र. २२ मार्च २०२०ला लोकल थांबली तेव्हा एकाच रात्रीत ही तिन्ही टोकं सुटली.

१५ जूनला लोकल धावली ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात बायकांना ठरावीक वेळेत चढता येऊ लागलं, सर्वांना वेळ पाळून मुभा मिळाली ती १ फेब्रुवारी २०२१ला. घरकाम करणारी किंवा आजारी माणसाचं करणारी बाई अत्यावश्यक आहे की नाही, हे तिकीट खिडकीवर कोण ठरवणार? खरं तर केंद्र सरकारच्या अपंग सक्षमीकरण विभागानं २६ मार्चलाच, टाळेबंदीच्या दुसऱ्या दिवशी, सूचना काढल्या होत्या: अपंग व्यक्तीच्या मदतनीसाला ये-जा करू द्या, पास द्या. सूचना चांगल्याच होत्या. पण सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन दिल्लीचं परिपत्रक वाचत नाही, सेक्रेटरीनं फलकावर चिकटवलेला कागद वाचतो, आणि त्या कागदावर 'बाहेरील व्यक्तींस प्रवेश नाही' असं असायचं. मोलकरणींना आणि मदतनिसांना सोसायट्यांनी अडवू नये, हे पुढं शासनाला वेगळं सांगावं लागलं.

दिवसाच्या केंद्राची कल्पना काही आपली नव्हे. ऑक्सफर्डच्या काउली रोड रुग्णालयात डॉ. लायोनेल कोसिन यांनी वृद्धांसाठी खास बांधलेलं दिवसाचं रुग्णालय १९५८ साली सुरू झालं. हेतू सरळ होता: म्हातारं माणूस रात्री आपल्या घरी झोपावं, पण घरच्यांचा दिवस मोकळा राहावा. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये १९७१ साली 'ऑन लोक' ही संस्था निघाली. आईबापांना वृद्धाश्रमात ठेवायचं नाही, पण दिवसभर घरी बसून सांभाळणंही परवडत नाही, ही तिथल्या चिनी कुटुंबांची अडचण आपल्याकडच्या कुठल्याही घराला ओळखीची वाटेल. २०२०च्या मार्चमध्ये तिथली केंद्रंही बंद झाली. फरक पुढचा आहे. कॅलिफोर्निया सरकारनं प्रौढांच्या दिवसकेंद्रांना तात्पुरती पर्यायी सेवा द्यायला मुभा दिली: फोन करा, दारात जेवणाचे डबे आणि औषधं पोचवा, नर्सला घरी पाठवा, आणि त्याचे पैसे सरकारी आरोग्य योजनेतून घ्या. २०२२मध्ये आणीबाणीतली दूरस्थ सेवा म्हणून ती सोय कायमच्या नियमांतही बसवली. म्हणजे दार बंद होतं, पण पगार चालू होते, गाडीचा ड्रायव्हर डबे पोचवत होता आणि केंद्रातली नर्स घरोघरी जात होती.

आपल्याकडे केंद्र चालतं ते फीवर, देणग्यांवर आणि निवृत्त शिक्षिकांच्या उत्साहावर. केंद्र बंद म्हणजे फी बंद. फी बंद म्हणजे मदतनीस बाईचा पगार अर्धा, मग पाव, मग 'परिस्थिती सुधारली की बोलावतो'. भाड्याची जागा असेल तर मालक थांबत नाही. त्यामुळं इथं बदल झाला तो योजनेनं नव्हे, ज्याला जसं सुचलं तसा.

सगळ्यात आधी सुचला फोन, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगीही तोच ठरला. ठाण्याला याची सवय जुनी होती. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचं 'मैत्र' हे फोनवरून आधार देणारं काम स्वयंसेवकांच्या बळावर कितीतरी वर्षं चालत आलेलं आहे. फोनवर ऐकून घेणं ही शिकण्याची गोष्ट आहे हे या शहरात आधीच रुजलेलं होतं. ज्येष्ठ नागरिक संघांनी आपल्या सभासदांच्या याद्या काढल्या. फेसकॉम ही राज्यभरच्या संघांची संघटना १९८० सालची. तिच्यामुळं गल्लीगल्लीत संघ आहेत, सहलींच्या आणि वर्धापनदिनाच्या निमित्तानं त्यांच्याकडे फोन नंबर, वाढदिवस, रक्तगट सगळं लिहिलेलं. एरवी या वह्यांची आपण थट्टा करतो. टाळेबंदीत त्याच वह्यांवरून रोज दहा-वीस फोन व्हायचे. कोण एकटं आहे, कुणाचं इन्शुलिन संपलं आहे, कुणाचा मुलगा अमेरिकेत अडकला आहे. पुढं २०२१मध्ये सरकारनं १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा हेल्पलाइन नंबर देशभर सुरू केला. पण अनोळखी आवाजाला इन्शुलिनबद्दल सांगणं आणि संघाच्या चिटणीसाला सांगणं यात फरक आहेच.

मग आला स्क्रीन. धडधाकट ज्येष्ठांनी तो बघता बघता आपलासा केला. ज्यांना एटीएमला हात लावायची भीती वाटायची त्या आज्या 'तुमचा माईक बंद आहे' असं एकमेकींना दटावू लागल्या. डिग्निटी फाउंडेशनसारख्या मुंबईतल्या जुन्या संस्थांनी आपले मेळावे ऑनलाइन नेले, एआरडीएसआय या स्मृतिभ्रंशावर काम करणाऱ्या देशव्यापी संघटनेनं कुटुंबीयांचे आधारगट ऑनलाइन घेतले. या आधारगटांनी एक गोष्ट नक्की साधली. आजारी माणसाला एकटं सोडून ठाण्याला किंवा दादरला बैठकीला जाणं ज्यांना पूर्वी कधीच जमलं नव्हतं, त्या सुना आणि बायका पहिल्यांदाच बैठकीला दिसू लागल्या. कल्याणची बाई आणि कोल्हापूरची बाई एकाच चौकोनी खिडक्यांच्या भिंतीवर.

कार्यशाळेतल्या मुलांचं मात्र निराळं होतं. मुलं म्हणायची पद्धत आहे. वयं पंचवीस ते पन्नास. आमच्या ओळखीच्या घरातला असाच एक तिशीतला मुलगा. वर्ग अकराला सुरू व्हायचा. आई दहापासून तयारीला: त्याची दाढी, आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, कारण शर्ट घातल्याशिवाय ती शाळा नव्हे हे त्याचं म्हणणं. फोन पोळपाटाला टेकवून उभा करायचा. ताई दिसल्या की तो हात हलवायचा, आणि मग उठून फोनच्या मागं जाऊन बघायचा. ताई तिथं नसायच्या. पुन्हा पुढं येऊन बसायचा, पुन्हा मागं जायचा. ताई तिकडून कागदाची घडी घालून दाखवत असायच्या, इकडं आई त्याचा हात धरून घडी घालत असायची. पाऊण तासाचा वर्ग, त्यात पंधरा मिनिटं नेटवर्क गेलेलं. तो संपला की डबा कुठे आहे, गाडी कधी येणार, हे सुरू. ताईंनी जीव ओतला होता यात वाद नाही. पण सहा तासांचं काम जे केंद्र करत होतं, तिथं आता आई पावणेदोन तास जास्त राबत होती.

हे ताईंच्याही लवकरच लक्षात आलं असावं, कारण बऱ्याच कार्यशाळांनी वर्ग कमी करून घरपोच साहित्याकडं मोर्चा वळवला. पिशवीत पंचवीस पणत्या, दोन रंग, एक ब्रश, आणि आठवड्यानं पिशवी परत न्यायला कुणीतरी येणार. याला कारण दिवाळीही होती. प्रौढांच्या कार्यशाळांचं वर्षाचं गणित दिवाळीवर उभं असतं. कार्यालयांतले, बँकांतले, सोसायट्यांतले आणि शाळांच्या मैदानांवरचे दिवाळीपूर्व स्टॉल हीच त्यांची बाजारपेठ. २०२०च्या दिवाळीत ते स्टॉल नव्हते. कार्यालयंच रिकामी होती. मग व्हॉट्सअॅपवर फोटो, गुगल फॉर्मवर ऑर्डर, आणि सोसायटीच्या फाटकावर पुडकं ठेवून पैसे फोनवर. खप किती झाला हा भाग वेगळा. पणती रंगवणाऱ्या हातांना काम मिळालं, आणि ज्या घरांत मुलगा एका जागी बसून रंगवत राहायचा तिथं आईला तासभर मोकळीक मिळाली. माझ्या गजानं मोजलं तर घरी आलेली ही पिशवी पडद्यापेक्षा वरचढ ठरली.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत पडदाही चालत नव्हता आणि पिशवीही पुरत नव्हती. या आजारात माणूस आठवणीवर नव्हे, सवयीवर चालतो. सकाळी रिक्षा, मग ओळखीची पायरी, ओळखीचा वास, चहा, गाणी. सवय तुटली की दिवस आणि रात्र एकमेकांत मिसळतात, आणि संध्याकाळ झाली की 'मला घरी जायचंय' हे घरातच बसून सुरू होतं. 'अस्तु' हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले चक्रपाणी शास्त्री आठवतील. तसा माणूस वर्षभर दोन खोल्यांत कोंडून ठेवायचा. मास्क लावला तर तो काढून टाकतो, आणि समोरच्यानं लावला तर त्याला ओळखत नाही. लिव्हरपूल विद्यापीठाच्या क्लॅरिसा गीबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२०मध्ये ब्रिटनमध्ये पाहणी केली, तेव्हा दिवसाच्या सेवा तुटल्याचा फटका आजारी माणसांना आणि सांभाळणाऱ्यांना दोघांनाही बसलेला दिसला: चिंता वाढलेली, मनाचं स्वास्थ्य घटलेलं. भारतात साठीपुढच्या शंभरांत सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 'लासी-डॅड' या राष्ट्रीय अभ्यासातून पुढं आला. त्यांतले बहुतेक कधीच कुठल्या केंद्रात गेलेले नाहीत. त्यांच्या घरी टाळेबंदी आधीपासूनच होती, असंही म्हणता येईल.

डोंबिवलीत या कोंडीला आणखी एक मजला होता. स्टेशनजवळच्या जुन्या इमारती चार मजली आणि बिनलिफ्टच्या. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा रोज केंद्रात जायचे तेव्हा दिवसातून एकदा उतरायचे आणि एकदा चढायचे. तीच त्यांची फिजिओथेरपी होती. त्यातच पासष्टीवरच्यांनी घराबाहेर पडू नये असा आदेश. वर्षभर न उतरलेले पाय पुढं उतरायला तयार होईनात. पडण्याची भीती बसली, मांड्यांचे स्नायू गेले. नंतर केंद्रं उघडली तेव्हा परत न आलेल्यांमध्ये कोरोनानं गेलेले होते, तसेच हे जिन्यानं अडवलेलेही होते.

लसीच्या वेळी हा जिना पुन्हा आडवा आला. १ मार्च २०२१पासून साठीवरच्यांना लस मिळू लागली. पंचेचाळीस ते एकोणसाठ वयाच्या सहव्याधीवाल्यांच्या वीस आजारांच्या यादीत बौद्धिक अपंगत्वालाही जागा होती, ही गोष्ट अनेक पालकांना नातेवाइकांच्या फॉरवर्डमधूनच कळली. त्याखालच्या वयाच्या मुलांनी थांबायचं. रांग, टोकन, ओटीपी, आणि उन्हात उभं राहणं ज्याला समजतच नाही असं माणूस. मेच्या अखेरीस केंद्र सरकारनं 'घराजवळचं लसीकरण' सुचवलं. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस देण्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि जुलै सरता सरता मुंबईत तशी सुरुवात झाली. इथं कार्यशाळांच्या पालकसंघटनांचं जाळं कामी आलं. ओळखीच्या हॉलमध्ये, ओळखीच्या ताईंच्या हाताला धरून सुई घेणं आणि अनोळखी मंडपात घेणं यात या मुलांच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

निवासी संस्थांची परीक्षा उलटी होती. ठाण्याचे शिक्षक अविनाश बर्वे आणि त्यांच्यासारख्या पालकांच्या अमेय पालक संघटनेनं नव्वदच्या दशकात डोंबिवलीजवळ खोणी गावात 'घरकुल' उभं केलं, ते आपल्यामागं मुलांचं काय या एकाच काळजीतून. अशा घरांना दहा ते पाच नसतं, चोवीस तास असतात. टाळेबंदीत निवासी संस्थांपुढं पेच असा की बाहेरचं कुणी आत आलं तर धोका, आणि कर्मचारी बाहेरून आलेच नाहीत तर सांभाळणार कोण? पंधरा-पंधरा दिवस आतच मुक्काम करायच्या पाळ्या ठिकठिकाणी निघाल्या. स्वतःची मुलं घरी ठेवून दुसऱ्याची मुलं सांभाळायला आत राहिलेल्या बायकांना कुठल्याही टाळ्या-थाळ्यांत वेगळं मोजलं गेलं नाही. आईबाप फाटकाबाहेरून बघून परत जायचे, किंवा तेही नाही. आणि याच काळात दिवसाच्या केंद्रांवर विसंबलेल्या काही पालकांनी पहिल्यांदा निवासी जागेची चौकशी केली. सत्तरीतल्या आईनं चाळिशीतल्या मुलाला वर्षभर एकटीनं उचलल्यावर येणारं ते शहाणपण होतं, की थकवा?

२०२१च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट, म्हणजे उघडू पाहणारं पुन्हा बंद. डिसेंबरच्या ४ तारखेला महाराष्ट्रातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण सापडला तोही डोंबिवलीतच, आणि पुन्हा सगळे दचकले. त्याच कल्याण-डोंबिवली महापालिकेला त्या वर्षी स्मार्ट सिटी स्पर्धेत वाराणसीबरोबर कोविड काळातल्या नवकल्पनांचं पारितोषिक मिळालं होतं. खासगी डॉक्टरांना पालिकेबरोबर जोडून घेण्याचं काम इथं खरंच चांगलं झालं होतं. विरंगुळा केंद्रांसाठी मात्र कुणी तेवढी डोकेफोड केल्याचं दिसलं नाही. राज्यातले निर्बंध पूर्ण उठले ते एप्रिल २०२२मध्ये, गुढीपाडव्याच्या तोंडावर. तोपर्यंत जी केंद्रं तगली त्यांनी छोट्या तुकड्या करून, एक दिवसाआड बोलावून, जेवण एकत्र न वाढता ज्याचा त्याचा डबा आणायला सांगून सुरुवात केलेली होती. एक दिवसाआड म्हणजे तीन दिवस सुटका आणि तीन दिवस घरी. निम्मे का होईना, खरे तास परत मिळाले ते या तुकड्यांमुळं.

काही गोष्टी तेव्हापासून टिकल्या. ऑनलाइन आधारगट टिकले, आणि ते टिकायलाच हवे होते. घरपोच पणत्यांच्या ऑर्डरी टिकल्या. ब्युरोच्या मावशीचे दर चढले ते उतरले नाहीत. काही केंद्रांच्या जागी आता कोचिंग क्लास आहेत.

सरकारी बाजूला राज्यानं २०२४मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टीपुढच्या पात्र ज्येष्ठांच्या खात्यात तीन हजार रुपये: चष्मा घ्या, श्रवणयंत्र घ्या, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा घ्या. वस्तू उपयोगाच्याच आहेत. त्यांत तास मात्र विकत मिळत नाहीत. तासांचा विचार एका कायद्याच्या मसुद्यात होता. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या निर्वाह कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक ११ डिसेंबर २०१९ला लोकसभेत मांडलं गेलं. वृद्धाश्रमांबरोबर घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्था आणि ज्येष्ठांची दिवसाची बहुसेवा केंद्रं यांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवण्याची तरतूद त्यात पहिल्यांदा होती. चार महिन्यांच्या आत देश बंद झाला. विधेयक त्याआधीच स्थायी समितीकडे गेलेलं होतं, पुढं समितीचा अहवाल आला, आणि २०२४मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर विधेयकही निकालात निघालं.

त्यामुळं आज ठाण्यात किंवा कल्याणात कुणी नवं केंद्र काढायचं म्हटलं तर हिशोब ज्याचा त्यालाच करावा लागतो. लोकलनं जाणाऱ्या घरासाठी ते सकाळी साडेसातला उघडायला हवं आणि रात्री साडेआठपर्यंत चालू हवं, म्हणजे मदतनिसांच्या दोन पाळ्या. जागा तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत, म्हणजे भाडं वाढलं. रिक्षा किंवा व्हॅन, आणि तिच्यात हात धरायला एक माणूस. या सगळ्याची फी काढली की आकडा ब्युरोच्या बारा तासांच्या मावशीच्या पगाराजवळ जातो, आणि घरची मंडळी म्हणतात, मग मावशीच बरी. मावशी घरी येते, आजोबा घरातच राहतात, आणि जिना तसाच राहतो.